गोठवलेल्या केकवर आयसिंग: कोणते काम किती थंड केकवर करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पंज तीन आठवड्यांपूर्वी भाजून फ्रीझरमध्ये ठेवलेले आहेत आणि येत्या शनिवारी दोन टियरचा, म्हणजे दोन मजली, केक द्यायचा आहे. मागच्या वेळी केक गोठलेला असतानाच त्यावर बटरक्रीम आणि फॉन्डंट (लाटून चढवायचा साखरेचा थर) चढवले होते. तेव्हा कडा अगदी सुरेख आल्या, पण दुसऱ्या दिवशी बाजूंना फुगे आले, फॉन्डंट चिकट झाले आणि खालच्या बोर्डावर पाणी साचले. काही जण गोठलेल्या केकवरच काम करायला सांगतात, तर काही जण तो पूर्ण डीफ्रॉस्ट झाल्याशिवाय हात लावू नका म्हणतात. यातले खरे काय?

दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. थर समतल करणे, केक आडवा कापणे, कोरून आकार देणे आणि क्रंब कोट (सुटे कण पकडणारा आयसिंगचा पहिला पातळ थर) लावणे ही कामे केक अर्धवट गोठलेला असताना उत्तम होतात. आयसिंगचा शेवटचा थर, फॉन्डंट आणि रंगीत सजावट मात्र आतपर्यंत बर्फ उतरलेल्या केकवरच करावी. तेव्हा केक फ्रीजमधून काढल्यासारखा थंड असला तरी चालेल, पण गोठलेला नसावा. तुमच्या केकच्या कडा सुरेख आल्या, कारण आतला स्पंज दगडासारखा कडक होता. आणि दुसऱ्या दिवशी तो बिघडला त्याचे कारणही तेच. शेवटचा थर चढवण्यापूर्वी केकची आतली हालचाल संपलेली असली पाहिजे, एवढे एक सूत्र धरले की बाकीचे निर्णय आपोआप सुचू लागतात.

ही हालचाल म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. स्पंजच्या जाळीत भरपूर हवा असते. उणे १८ अंश सेल्सिअसवरची हवा २५ अंशांवर आली की तिचे आकारमान सुमारे एक षष्ठांशाने वाढते. केक उघडा असेल तर ही वाढलेली हवा कोणाला न कळता बाहेर पडते. पण चारही बाजूंनी गार, घट्ट बटरक्रीम किंवा त्याहून वाईट म्हणजे फॉन्डंटचा अखंड थर असेल, तर तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ती सर्वांत कच्ची जागा शोधते. ही जागा बहुधा दोन थरांच्या सांध्याशी असते, कारण तिथे फिलिंग कडेपर्यंत नीट भरलेले नसते आणि मध्ये पोकळी राहिलेली असते. तुमच्या केकच्या बाजूंना आलेले फुगे हे याच हवेचे असणार.

हवेच्या जोडीला केक बसण्याचाही भाग असतो. गोठलेला स्पंज वरच्या थरांचे आणि फिलिंगचे वजन न दबता पेलतो. बर्फ उतरला की तो मऊ होतो, वजनाखाली थोडा दबतो, आणि केकची उंची काही मिलिमीटरने कमी होते. आयसिंगचे बाहेरचे कवच मात्र आधीच्या उंचीचे असते. त्यामुळे फिलिंग बाहेर ढकलले जाते आणि केकच्या कमरेला वळ्या पडतात किंवा वरच्या कडेला बारीक चिरा जातात. लोक याचा दोष बटरक्रीमच्या पाककृतीला देतात आणि पुढच्या वेळी साखर वाढवतात. मूळ कारण तिथे नसल्यामुळे उपयोग काहीच होत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून जसा घाम सुटतो, तसाच तो थंड केकलाही सुटतो. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. खोलीत २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण १४ अंशांवर असतो. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तो २६ अंशांवर जातो. म्हणजे कोरड्या हवेत जो केक घाम न सोडता उभा राहतो, तोच दमट हवेत फ्रीजमधून काढल्यावर बराच वेळ ओला होत राहतो, आणि फ्रीझरमधून काढलेला तर त्याहून कितीतरी अधिक वेळ. साखर हे पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळते. फॉन्डंट चिकट आणि चमकदार होते ते यामुळे. बोर्डावर साचलेले पाणीही बहुतेक असे बाहेरून आलेले असते, शिवाय केकच्या आतला वितळलेला बर्फ आयसिंगच्या खाली ओघळून त्यात थोडी भर घालतो.

आता फ्रीझरकडे वळू, कारण सजावटीचे अर्धे यश गोठवण्याच्या दिवशीच ठरते. स्पंज पूर्ण गार झाल्याशिवाय गुंडाळू नये, नाहीतर आतली वाफ क्लिंग फिल्मच्या आतून पाणी होऊन बसते, तिचा बर्फ होतो, आणि तोच पुढे केकच्या माथ्यावर चिकट थर निर्माण करतो. प्रत्येक थर वेगळा, क्लिंग फिल्मच्या दोन पदरांत घट्ट गुंडाळावा, त्यावर फॉइल लावावी किंवा तो हवाबंद डब्यात ठेवावा. गोठेपर्यंत खाली सपाट बोर्ड हवा. जाळीवर ठेवलेल्या मऊ स्पंजच्या बुडाला जे व्रण पडतात ते तसेच गोठतात. लोणी आणि इतर स्निग्ध पदार्थ आजूबाजूचे वास पटकन धरतात, म्हणून उग्र वासाचे पदार्थ शेजारी नकोत. नीट गुंडाळलेला साधा स्पंज महिनाभर उत्तम राहतो आणि दोन-तीन महिनेही चालतो; मात्र पुढे पुढे कडा कोरड्या पडू लागतात, कारण बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो. तुमचे तीन आठवडे अगदी सुरक्षित मर्यादेत आहेत.

इथे एक विषयांतर करतो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. साधा स्पंज दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवणे हे फ्रीझरमध्ये ठेवण्यापेक्षा सौम्य आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचनेत येऊ लागतो, आणि केक शिळा लागतो तो मुख्यतः यामुळे. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकी फ्रीजमध्ये, सर्वांत वेगाने होते. उणे १८ अंशांवर ती जवळजवळ थांबते. म्हणून आयसिंग न केलेला स्पंज आज-उद्या लागणार असेल तर गुंडाळून बाहेर ठेवावा, त्याहून पुढे लागणार असेल तर सरळ फ्रीझरमध्ये. फ्रीज हा फक्त मधल्या टप्प्यांसाठी, आणि आयसिंगच्या थरामागे स्पंज झाकला गेल्यानंतरसाठी.

बाहेर काढताना केक गुंडाळलेलाच राहू द्यावा. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि घाईत सर्वाधिक मोडला जातो तोही हाच. वेष्टन असेल तर दव वेष्टनावर बसते, उघडले तर स्पंजवर. साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा, ४ ते ५ सेंटिमीटर जाडीचा एक थर बाहेर ठेवल्यास दोन ते तीन तासांत पूर्ण निवळतो, म्हणजे त्यातला बर्फ उतरतो. फ्रीजमध्ये त्याला रात्रभर लागते. घाई नसेल तर मी फ्रीजचाच मार्ग सुचवीन, कारण त्यात आतला आणि बाहेरचा भाग जवळजवळ बरोबरीने सैल होतो. मायक्रोवेव्ह किंवा कोमट ओव्हन वापरू नये. त्याने कडा कोरड्या होतात आणि गाभा तसाच गोठलेला राहतो.

केक निवळला की नाही, हे घड्याळावर सोडू नका. दोन खुणा पाहा. क्लिंग फिल्मवर बाहेरून जमलेले थेंब कोणी न पुसता आपोआप सुकले, तर केकचा पृष्ठभाग दवबिंदूच्या वर आला असे समजावे. वेष्टन आता काढले तरी स्पंजवर दव बसणार नाही. ही खूण बाहेर ठेवलेल्या केकसाठी आहे, फ्रीजमध्ये निवळणाऱ्या केकला ती लागू नाही. पण पृष्ठभाग सैल झाला म्हणजे गाभाही झाला असे नाही. त्यासाठी एक बारीक सळई थराच्या मधोमध हळू घाला. कुठे कुरकुरीत अडथळा लागला तर तिथे अजून बर्फ आहे. अडथळा नसेल तर सळई दहा सेकंद तशीच ठेवून बाहेर काढा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. नुसती गार लागली तर हरकत नाही, चटका बसावा इतकी थंड लागली तर अजून थांबा. खुपसायचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला: गाभ्यात ४ अंश किंवा त्याहून अधिक तापमान दिसले की बर्फ उरलेला नाही.

कापण्याचे आणि समतल करण्याचे काम मात्र यापूर्वीच, अर्धवट गोठलेल्या अवस्थेत उरकून घ्यावे. थर फ्रीझरमधून काढल्यावर २० ते ४० मिनिटांनी सुरी न थांबता आत जाते, पण स्पंज सुरीखाली दबत नाही; ही वेळ पकडायची. लांब, दातेरी सुरी लहान लहान हेलकाव्यांनी चालवावी आणि दुसऱ्या हाताने टर्नटेबल फिरवत राहावे. पूर्ण निवळलेल्या मऊ स्पंजचा माथा कापताना जो चुरा पडतो, त्याच्या पाव हिस्साही इथे पडत नाही. अंडीविरहित स्पंज मुळातच ठिसूळ असतात, त्यांना तर ही पद्धत फारच मानवते. कोरून आकार द्यायचा केकही याच अवस्थेत कोरावा. मात्र कोरून झाल्यावर तो झाकून पूर्ण निवळू द्यावा. आकार मनासारखा आला की पुढे जाण्याचा मोह होतो आणि नेमके तिथेच काम बिघडते.

शुगर सिरपबाबत दुमत आढळते. गोठवलेला स्पंज कोरडा झालाच असेल असे गृहीत धरून काही जण तो सिरपने न्हाऊ घालतात. नीट गुंडाळलेल्या स्पंजला एवढ्याची गरज नसते. तेलावर केलेले स्पंज थंड असतानाही मऊ राहतात, त्यांना सिरप अगदी बेताचे पुरते. लोणी घातलेले आणि विशेषतः स्निग्धांश कमी असलेले हलके स्पंज थोडे अधिक पितात. साखर आणि पाणी समप्रमाणात उकळून गार केलेले सिरप ब्रशने लावावे आणि तेही निवळलेल्या केकला. गोठलेल्या स्पंजला लावलेले सिरप आत शिरत नाही. ते वर बसून घट्ट होते आणि पुढे सगळे एकदम खाली झिरपते. बोर्डावरच्या पाण्याचे हे आणखी एक संभाव्य कारण आहे, तेव्हा मागच्या वेळी तुम्ही असे केले होते का, ते आठवून पाहा.

फिलिंग भरताना कडेला घट्ट बटरक्रीमचे कडे पायपिंग बॅगने घालावे आणि त्याच्या आत जॅम, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण) किंवा जे असेल ते भरावे. कड्याच्या आणि स्पंजच्या कडेमध्ये जागा राहिली तर ती पॅलेट नाइफने बटरक्रीम दाबून बुजवावी. हवेचे फुगे टाळण्यात या एका कामाचा वाटा सर्वांत मोठा आहे. थर रचून झाले की केक क्लिंग फिल्मने सैल झाकावा, माथ्यावर एक सपाट बोर्ड ठेवावा आणि त्यावर हलके वजन ठेवून फ्रीजमध्ये काही तास, शक्यतो रात्रभर, बसू द्यावा. केकची उंची कमी व्हायचीच असेल तर ती आत्ता होऊ दे. बाहेर आलेले फिलिंग सकाळी स्क्रेपरने कापून टाकले की बाजू सरळ होते.

फिलिंगसह रचलेला केकच गोठवण्याची पद्धतही आहे आणि ती चुकीची नाही, पण फिलिंग निवडून घ्यावे लागते. बटरक्रीम, गनाश आणि जॅम यांना काही होत नाही. कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेले कस्टर्ड मात्र गोठून निवळले की पाणी सोडते, आणि ताज्या फळांच्या पेशी बर्फाच्या स्फटिकांनी फुटत असल्यामुळे फळे लिबलिबीत होतात. ही दोन फिलिंग नेहमी नंतरच भरावीत. असा रचलेला, साधारण १५ सेंटिमीटर उंचीचा केक निवळायला फ्रीजमध्ये पूर्ण २४ तास द्यावेत. त्याचा गाभा अपेक्षेपेक्षा फार हट्टी असतो.

क्रंब कोट हा थंड केकचा खरा फायदा घेणारा टप्पा आहे. अर्धवट गोठलेल्या किंवा फ्रीजमधल्या केकवर मऊ बटरक्रीम लावले की ते दहा-पंधरा सेकंदांत घट्ट होऊ लागते आणि सुटे कण जागच्या जागी पकडते. हा थर एक-दोन मिलिमीटरचा, आतला स्पंज दिसेल इतका पातळ असावा. घट्ट होण्याचा हाच वेग शेवटच्या थराला मारक ठरतो. तेव्हा आपल्याला पाच-सहा मिलिमीटर जाडीचा थर सावकाश गुळगुळीत करायचा असतो, आणि स्क्रेपर अर्धा फेरा पुरा करण्याच्या आत आतल्या बाजूचे लोणी गोठून पृष्ठभागावर ओरखडे उमटू लागतात. मग माणूस जोर लावतो, थर फाटतो, वर आणखी बटरक्रीम लावले जाते, आणि केक नाहक जड होतो. अर्धवट गोठलेल्या केकला क्रंब कोट लावला असेल, तर तो पातळ असल्यामुळे हवा त्यातून वाट काढते. तरीही केक तसाच फ्रीजमध्ये पूर्ण निवळू द्यावा आणि कुठे फुगवटा किंवा चीर दिसली तर ती तिथेच दाबून घ्यावी. क्रंब कोटवर आलेला फुगा ही चांगली बातमी आहे, कारण नाहीतर तो शेवटच्या थराखाली आला असता.

शेवटच्या थरापूर्वी आणखी एक काम करून ठेवावे: माथ्याच्या मध्यभागी बारीक सळईने बुडापर्यंत एक छिद्र पाडावे. उरलीसुरली हवा कडेने ढकलण्याऐवजी या वाटेने बाहेर येते. वर सजावट यायची असते, त्यामुळे छिद्र दिसण्याचा प्रश्न नसतो. हे छिद्र हा फक्त जोडीचा उपाय आहे. गोठलेल्या केकला भोक पाडून त्यावर फॉन्डंट चढवण्याचा परवाना तो नव्हे.

कोणते आयसिंग कसे वागते, हे थोडे वेगवेगळे आहे. लोणी आणि आयसिंग शुगरचे साधे बटरक्रीम सर्वांत सोशिक असते; त्याचा पृष्ठभाग सुकून पापुद्रा धरतो, मात्र खालचा केक हलला तर तोच पापुद्रा तडकतो. अंड्याच्या पांढऱ्यावर केलेले मेरिंग बटरक्रीम अधिक मऊ आणि लवचीक असते, पण अति थंड पृष्ठभागावर ते लगेच कडक होते, म्हणून त्यासाठी केक फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवावा. गनाशला थंडीची फारशी अडचण नसते. डार्क चॉकलेटचे वजनाने दोन भाग आणि क्रीम एक भाग, व्हाइट चॉकलेटचे तीन भाग आणि क्रीम एक भाग, या प्रमाणाचे गनाश कठीण कवच धरते आणि त्याच्या खालचा केक फार हलत नाही. फॉन्डंटखाली मी गनाशच पसंत करतो. क्रीम चीजचे आयसिंग मुळातच सैल असते. ते घाम आलेल्या केकवर टिकत नाही.

व्हिप्ड क्रीमबाबत विशेष काळजी हवी. गोठलेल्या स्पंजवर क्रीम लावले की स्पर्शाचा थर गोठतो आणि वरचा मऊ राहतो. पुढे आतला थर निवळताना पाणी सुटते, आणि क्रीम व स्पंज यांच्यामध्ये पाण्याचा पडदा तयार होऊन बाजूचे क्रीम हळूहळू खाली सरकते. संध्याकाळी नीट दिसणारा केक सकाळी बुडाशी जाड आणि वर उघडा पडलेला आढळतो. स्पंज फ्रीजच्या तापमानाचा आणि वरून कोरडा असेल तर हे होत नाही. नॉन-डेअरी क्रीम अधिक तग धरते, पण पाण्याच्या पडद्यापुढे तेही हतबल असते.

आता फॉन्डंट, कारण तुमची मुख्य तक्रार त्याचीच होती. गोठलेल्या केकवर फॉन्डंट कधीही चढवू नये, याला मी अपवाद मानत नाही. केक पूर्ण निवळलेला, गनाश किंवा बटरक्रीमचा शेवटचा थर घट्ट बसलेला आणि पृष्ठभाग कोरडा असावा. केक फ्रीजमधून काढल्यावर लगेच दव बसले, तर ते सुकेपर्यंत थांबावे. नंतर आपण होऊन ब्रशने पाणी किंवा सिरप अगदी पातळ फिरवून मग तीन-चार मिलिमीटर जाडीचे फॉन्डंट चढवावे. घामाचे पाणीच चिकटवण्यासाठी वापरता येईल, असा विचार कोणी करतात. पण ते सगळीकडे सारखे नसते, आणि जिथे जास्त असते तिथे फॉन्डंट सरकते.

फॉन्डंट चढवलेल्या केकला पुढे घाम आलाच, तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याला हात लावू नये. टिपकागदाने पुसले की कागदाची नक्षी उमटते. कॉर्नफ्लोअर भुरभुरले की पांढरी लगदी होते. केक पंख्याच्या झोतात किंवा वातानुकूलित खोलीत ठेवून द्यावा, पाणी जसे आले तसे उडून जाते आणि पृष्ठभाग बहुतेक पूर्ववत होतो. गडद लाल, काळा, गडद निळा हे रंग मात्र या काळात ओघळतात. म्हणून फिक्या केकवर गडद सजावट करायची असेल, तर ती केक खोलीच्या तापमानाला स्थिरावल्यावर सर्वांत शेवटी करावी. साखरेची फुले, रॉयल आयसिंगचे तुकडे, खाद्य छापील चित्रे, वेफर पेपर आणि रंगीत साखरदाणे यांनाही हाच नियम लागू आहे. ओलसर पृष्ठभागावर वेफर पेपर मुरडतो आणि दाण्यांचा रंग सुटतो.

चॉकलेटच्या ओघळांची सजावट करायची असेल, तर त्यासाठी केक फ्रीजमधला थंड हवा आणि गनाश ३० अंशांच्या आसपास कोमट हवे. गोठलेल्या केकवर ओघळ निम्म्यातच थबकतात आणि त्यांची टोके जाड होतात. याउलट एक प्रकार असा आहे की जिथे गोठलेलाच केक लागतो: आरशासारखी झिलई दिलेला मूस केक. तिथे जिलेटिनयुक्त ग्लेझ साधारण ३० ते ३५ अंशांवर असताना पूर्ण गोठलेल्या मूसवर एकाच दमात ओतले जाते आणि थंडीमुळे ते पातळ, अखंड थरात जागीच बसते. ओतण्यापूर्वी मूसवर साचलेली बर्फाची भुकटी तळहाताने हलके फिरवून काढावी, नाहीतर ग्लेझ तिथून घसरते. हे तंत्र पाहून स्पंजच्या केकलाही तोच न्याय लावला जातो आणि गोंधळ होतो. ग्लेझ मऊ आणि लवचीक असते, आतल्या मूसला जागा देते. फॉन्डंट आणि बटरक्रीम ती देत नाहीत.

आयसिंग पूर्ण झालेला केक गोठवावा लागला, तर आधी तो उघडाच एक-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवून बाहेरचा थर कडक करावा आणि मगच गुंडाळावा. बाहेर काढल्यावर मात्र इथे क्रम उलटतो: वेष्टन केक कडक असतानाच काढावे, अन्यथा मऊ झालेले आयसिंग त्याला चिकटून निघते. नंतर केक बंद पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून ते खोके आधी २४ तास फ्रीजमध्ये आणि मग बाहेर, पण न उघडता ठेवावे. खोक्यातली हवा थोडी असते, त्यामुळे दवही थोडेच बसते आणि पुठ्ठा काही ओल शोषतो. फॉन्डंटचा केक गोठवणे मी टाळतो. करावेच लागले तर रंगीत आणि उभी सजावट काढून ठेवावी.

फुगा आलेला केक वाचवता येतो, जर तो लवकर दिसला तर. स्वच्छ बारीक टाचणी फुग्याच्या कडेला तिरकी टोचावी, हवा बोटाने त्या छिद्राकडे ढकलावी आणि मग बोटाच्या उबेने छिद्र मिटवावे. तासाभरात तिथेच पुन्हा फुगा आला तर केक अजून आतून निवळतो आहे. त्याला थांबू द्यावे आणि दुरुस्ती शेवटी एकदाच करावी.

तुमच्या शनिवारच्या केकसाठी मी असे वेळापत्रक ठेवीन. बुधवारी रात्री सर्व थर गुंडाळलेल्या अवस्थेत फ्रीझरमधून फ्रीजमध्ये न्यावेत. समतल करायचे असतील तर त्याआधी अर्धा तास बाहेर ठेवून कापून घ्यावेत आणि पुन्हा गुंडाळावेत. गुरुवारी सकाळी सिरप, फिलिंग, रचना आणि वर हलके वजन. गुरुवारी रात्री बाहेर आलेले फिलिंग कापून क्रंब कोट. शुक्रवारी सकाळी क्रंब कोट नीट तपासून, मध्यभागी छिद्र पाडून शेवटचा थर द्यावा, आणि तो घट्ट झाल्यावर दुपारी फॉन्डंट. खालच्या टियरमध्ये डॉवेल (वरच्या टियरचे वजन पेलणारे दांडे) यानंतरच घालावेत. अर्धवट गोठलेल्या केकमध्ये ते जोर लावून घातल्यास तिरके जातात आणि स्पंज आतून तडकतो. निवळलेल्या पण थंड केकमध्ये ते सरळ उतरतात. फिलिंग नाशवंत नसेल तर शुक्रवार रात्रीपासून केक बाहेर, थंड आणि कोरड्या खोलीतच ठेवावा, पुन्हा फ्रीजमध्ये घालू नये, म्हणजे घाम येण्याचा प्रश्नच उरत नाही. क्रीम किंवा कस्टर्ड असेल तर फ्रीजला पर्याय नाही. अशा वेळी केक खोक्यात बंद ठेवावा आणि कापण्यापूर्वी फार तर दोन तास बाहेर काढावा, हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एकच तास. एरवी बटरक्रीमचा केक फ्रीजमध्ये ठेवलाच असेल तर तो कापण्याआधी दोन-तीन तास बाहेर राहू द्यावा. थंड लोणी जिभेवर मेणचट लागते आणि चांगला भाजलेला स्पंजही कोरडा वाटतो.